तानाबाईच्या चोवीस मेंढ्यांचं पंचांग

सुपातला जोंधळा निम्मा निवडून झाला होता. खडे एका बाजूला, किडका दाणा दुसऱ्या बाजूला, आणि स्वच्छ ढीग तानाबाई तळहातानं पाटीत सारत होती, तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. वैशाखातलं ऊन, गडमुडशिंगीच्या माळावर चिटपाखरू नाही, आणि हा परका माणूस टोपीनं वारा घेत दारात उभा.

"बाळासो हाईत का?"

"रानाकडं गेल्यात. बसा की पावणं, पाणी देतो," तानाबाई म्हणाली.

"पाणी नगं. मेंढरं नजरंखालनं घालतो म्हटलं. चोवीस मेंढ्या आणि एक बकरा, न्हवं का? दिवाळीनंतर उचलायची ठरल्यात आमची."

तानाबाईचा हात सुपातच राहिला. घरात मेंढरं विकायची ठरली होती आणि घरच्या बाईला ते व्यापाऱ्याच्या तोंडून कळत होतं. तिनं पदर खोचला, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि एवढंच म्हणाली, "मेंढरं चरायला गेल्यात. मालक आलं की त्यास्नीच इचारा."

माणूस गेला. जोंधळा तसाच राहिला.

ती चोवीस मेंढरं काय होती ते समजल्याशिवाय तानाबाई समजायची नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी हातकणंगल्याकडच्या एका धनगराच्या वाड्यातनं, म्हणजे मेंढरांच्या तळावरनं, ती लग्न होऊन इकडं आली तेव्हा आईनं तिला दोन मेंढ्या दिल्या होत्या. एक काळी, एक कपाळावर चंद्र असलेली. सोनंनाणं त्या घरात नव्हतंच. आजची चोवीस ही त्या दोघींचीच पणतवंडं-खापरपणतवंडं; कळपातला नर, ज्याला धनगर बकराच म्हणतात, तेवढा वेगळा. कुठली कुणाच्या पोटची, कुणाची आजी जुळं द्यायची, कुणाची पणजी दुधाला कमी होती, हे सगळं तानाबाईला तोंडपाठ. शाळा तिसरीपर्यंत, पण मेंढरांच्या सात पिढ्या ती जपमाळ ओढावी तशी सांगायची. आणि पहाटे बिरोबाला हात जोडताना मागायची तेही एवढंच, की देवा, माझ्या आईचं लेणं राखून ठेव.

दुपारी बाळासो जेवायला बसले. तानाबाईनं भाकरी वाढली, कालवण वाढलं, आणि समोर उभी राहिली.

"पावणं येऊन गेलं तुमचं."

बाळासोंचा घास थांबला. "सांगणारच हुतो की."

"कवा? मेंढरं टेंपोत घातल्यावर?"

"अगं, माझा गुडघा बघ. पोराची, सम्राटची कंपनीत पाळी. मेंढ्या वर्षभर यीत राहत्यात, आज एकीला कोकरू, आठ दिवसांनी दुसरीला, अमुशाला तिसरीला. नव्या कोकराजवळ एकानं बसायचं आणि कळपामागं एकानं जायाचं. दोन माणसं कुठनं आणू? गेल्या साली सहा कोकरं कुत्र्यांनी नेली. दरवेळी तू रडायचीस आणि दरवेळी मी गप बसायचं."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर तानाबाईला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर आदिती मॅडम हातकणंगल्याच्या जैन घरातल्या. वय तिशीच्या आत, पण अडलेली मेंढी सोडवताना हात असा चालायचा की म्हाताऱ्या सुईणीनं बघत राहावं. तानाबाईची एक मेंढी त्यांनी आदल्या वर्षी वाचवली होती. तानाबाई माहेरच्या नात्यानं त्यांना लेक मानायची, आणि त्या हिला मावशी म्हणायच्या.

"बाई, तुमी मागं म्हनला हुता, समद्या मेंढ्या एकदम फळवता, गाभण घालवता येत्यात. खरं का चेष्टा?"

"खरं की. बसा मावशी, नीट सांगते." मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडरच ओढलं. "मेंढीच्या अंगात सतरा दिवसांचं चक्र असतं. माजावर आली, अंडं सुटलं, की त्या जागी एक पिवळी गाठ तयार होते. ती गाठ रक्तातनं निरोप पाठवते, थांबा, गर्भ राहिला असेल, आता दुसरा माज नको. त्या निरोपाला हार्मोन म्हणायचं. गाभण राहिली तर गाठ तशीच टिकते. नाही राहिली तर चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिशवी उलटा निरोप पाठवते, गाठ विरते, आणि दोन-तीन दिवसांत मेंढी परत माजावर."

तानाबाईनं मान हलवली. "म्हंजे परतेकीचं आपापलं पंचांग. एकीची एकादशी असती तवा दुसरीची अमुशा."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. आता आपण काय करायचं, तो थांबा म्हणणारा निरोप एका स्पंजात भरून मेंढीच्या अंगात चौदा दिवस ठेवायचा. सगळ्यांची पंचांगं एकाच पानावर धरून ठेवायची. चौदाव्या दिवशी सगळे स्पंज काढायचे, एक इंजेक्शन द्यायचं, की दोन दिवसांत सगळ्या एकदम माजावर."

"आणि बकरा?"

"तो आधी महिनाभर लांब ठेवायचा. दिसता कामा नये, वाससुद्धा येता कामा नये. अचानक समोर आला की—"

"की मेंढ्या जाग्या हुत्यात," तानाबाई म्हणाली. "माझी आई करायची. उन्हाळ्यात बकरा भावकीतल्या तळावर धाडायची आणि मिरग झाल्यावर आनायची. तिला कुनी सांगितलं व्हतं कुणास ठाऊक."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हे मला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकवलं."

त्या वाक्यानं तानाबाई बसल्या जागी वीतभर उंच झाली. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि आज कुणीतरी तिला शिकलेली म्हटलं होतं.

घरी येऊन तिनं बाळासोंना सगळं सांगितलं. बाळासो पोट धरून हसले. "मेंढरं काय शाळंची पोरं हाईत व्हय, घंटा झाली की एकदम सुटायला?"

"हसा. पर माझं ऐका. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार धरा. तवर आठ दिवसांच्या आत मेंढ्या येतील. चोवीसच्या चोवीस न्हाय, देव आणि डाक्तरीणबाई दोघंबी तेवढं कबूल करत न्हाईत. पर अठरा येतील. अठरात एक कमी झाली तरी मी सवता दावं सोडून त्या पावण्याच्या हातात दीन. पर आल्या तर त्यो माणूस परत आपल्या दारात दिसायचा न्हाय."

"आणि ती आठ दिवस?"

"आठ दिवस समदं घर तळावर. सम्राट रजा काढील. मग वर्षभर कोकरापायी कुनी अडकून पडायचं न्हाय."

बाळासोंनी गुडघा चोळला. "अठरा," ते म्हणाले. "सतरा न्हाय."

बकऱ्याचं नाव हिंदकेसरी. नाव बाळासोंनीच ठेवलेलं, आणि लाडही त्यांचेच. त्याला ओढ्यापलीकडं तात्यासो शेतकऱ्यांच्या गोठ्यात नेऊन बांधला. त्यांच्या रानात दरसाल खतासाठी मेंढरं बसायची, म्हणून तेही हो म्हणाले. पण बाळासोंना करमेना. संध्याकाळ झाली की खांद्यावर घोंगडं टाकून ते पलीकडं जायचे, बकऱ्याला घोंगड्यानंच पुसायचे, गप्पा मारायचे, आणि तेच घोंगडं अंगावर घेऊन तळावर येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी तानाबाईनं बघितलं, नवरा आला की मेंढ्या माना वर करतात, नाकपुड्या फुलवतात, दोघी तर उठून त्याच्यामागं चालायला लागतात.

"अवं, घोंगडं काढा! बकऱ्याचा वास घिऊन आलाय तुमी अंगभर!"

"मग मी काय उघडा बसू?"

"उघडं बसा, न्हायतर सम्राटची चादर घ्या. पर ते घोंगडं तळावर दिसलं तर तुमास्नीबी ओढ्यापलीकडं बांधीन."

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "पण मावशीचं बरोबर आहे. लोकरीतला वासच पुरतो."

ज्येष्ठातल्या एका बुधवारी, एकही मेंढी गाभण नाही हे तपासून, स्पंज बसवले. तानाबाईनं आदल्या दिवशी तळ झाडून घेतला होता, पाणी उकळून ठेवलं होतं. तिनं एकेक मेंढी धरायची, मॅडमनी हातमोजा घालून औषधानं धुतलेल्या नळीतनं करंगळीएवढा पांढरा स्पंज आत सोडायचा, आणि त्याचा दोरा शेपटीखाली लोंबता ठेवायचा. चोवीस झाल्या. भावकीतल्या एक-दोघी कुंपणाशी उभ्या होत्या. एकीनं टोमणा मारलाच, "तानाबाई, देवाच्या कामात हात घालतीयास, बरं न्हवं."

तानाबाईनं मेंढीची मान सोडली नाही. "पंचांग देवाचंच हाय. म्या फकस्त पान धरून ठेवलंय. उलटनार त्योच."

चौदाव्या दिवशी, आषाढातल्या बुधवारी, दोरे ओढून स्पंज काढले. तेवीस निघाले. चोविसावीचा दोराच नव्हता. शेजारच्या मेंढीनं गवत समजून कुरतडला होता. मॅडमनी बोटानं चाचपून तोही काढला. इंजेक्शनं झाली, हात धुतले, आणि तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, "मावशी, बकरे किती आणलेत?"

"एकच की. हिंदकेसरी."

मॅडमचा चेहरा बदलला. "मी सांगितलं होतं, सहा मेंढ्यांना एक बकरा. चोवीस एकदम माजावर येणार, एकटा काय करील? दुसऱ्या दिवशीच बसून राहील."

सांगितलं होतं खरं. तानाबाईनंही ऐकलं होतं. पण तिच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं, कारण तिच्या भावकीत एका वाड्याचा बकरा दुसऱ्या वाड्यात जातच नाही. आई धाडायची ती नुसतं बांधून ठेवायला, आणि तेही सख्ख्या भावाकडं. दुसऱ्याच्या मेंढ्यांवर आपला बकरा सोडला की त्याच्या खुराबरोबर आपल्या वाड्याची बरकत जाते, असं सगळेच मानत. तानाबाई स्वतःही मानायची. मागायला जायचं कुणाकडं आणि कुठल्या तोंडानं?

हातात दोन दिवस होते.

गुरुवारी सकाळी आंघोळ करून ती देवापुढं बसली. तिथं तबकात अक्षता होत्या, आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी जावळाचं आवतान आलं होतं त्यातल्या उरलेल्या. तानाबाई त्या अक्षतांकडं बघत राहिली. मग उठली, नव्या तांदळाला कुंकू लावलं, पुडी बांधली, आणि माळाच्या वरच्या अंगाला धोंडुबाईच्या तळावर गेली.

धोंडुबाई म्हणजे बाळासोंची चुलती. सत्तरी उलटलेली, दीडशे मेंढरांची मालकीण, आणि तोंडानं तिखट. तिच्याकडं चार बकरे होते.

"ये गं. काय काम काढलंस?"

तानाबाईनं पाया पडून पुडी सोडली आणि अक्षता तळाच्या तोंडाशी ठेवल्या. "आत्याबाई, आवतान घिऊन आलो."

"कशाचं? सम्राटचं लगीन ठरलं?"

"न्हाय. उद्या बिरोबाच्या नावानं जेवान हाय. तुमच्या तीन बकऱ्यांस्नी जेवायला धाडा."

धोंडुबाईनं तंबाखूची मशेरी थुंकली. "बकऱ्यांस्नी आवतान! डोस्कं फिरलं काय तुझं? बकरा द्यायचा नसतोय, ठावं न्हाय व्हय तुला? बरकत जाती."

"देनाऱ्याची जाती, आत्याबाई. म्या कुठं द्या म्हंतो? पावना जेवाय गेला म्हंजे घर रिकामं हुतंय का? उलट वटी भरून, आहेर घिऊन परत येतोय. बरकत घिऊनच येतोय. दोन दिस पाहुणचार करतो आणि ऐतवारी देवाच्या वारी वाजत-गाजत आणून घालतो. आणि अक्षत तर ठेवली. देवाच्या नावची अक्षत परत करायची म्हनली तर उचलतो."

म्हातारीनं तिच्याकडं डोळे बारीक करून बघितलं. मग खाली अक्षतांकडं बघितलं. मग एकदम खो-खो हसायला लागली, दात नसलेलं तोंड उघडून.

"तुझी आईबी असलीच हुती. बोट वाकडं न करता तूप काढायची. ने जा तिघास्नी. पर जेवान चांगलं घाल, माझं बकरं नुसत्या पाल्यावर जेवत न्हाईत."

शुक्रवारी सकाळी चार बकरे एका रांगेत गडमुडशिंगीच्या रस्त्यानं आले. पुढं बाळासो हिंदकेसरीला धरून, आणि मागं सम्राट तिघा पावण्यांना. तानाबाईनं चौघांना कुंकू लावलं, भिजवलेले हरभरे आणि मका खायला घातला. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्यांनी तळाचे चार भाग केले होते, एकेकात सहा मेंढ्या. कुठली फळली ते कळायला प्रत्येक बकऱ्याच्या छातीला वेगळा रंग लावला, गेरू, नीळ, काजळ, आणि हिंदकेसरीला मान म्हणून हळद.

बकरे आत सोडले आणि तळाचा नूरच पालटला. कालपर्यंत खाली मान घालून चरणाऱ्या मेंढ्या शेपट्या हलवत बकऱ्यांपुढं येऊन उभ्या राहत होत्या, ओरडत होत्या, एकमेकींना ढुशी देत होत्या. बाळासो कुंपणाला हात लावून बघत राहिले. आयुष्यात त्यांनी एका दिवशी दोन, फार तर तीन मेंढ्या माजावर बघितल्या होत्या. संध्याकाळी तानाबाईनं पाठी मोजल्या. लाल, निळ्या, काळ्या, पिवळ्या मिळून बावीस रंगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघी.

"घंटा झाली म्हनायची," बाळासो हळूच म्हणाले.

रविवारी तिन्ही पावणे शिंगाला टॉवेल, टोपी बांधून, पुढं हलगी लावून धोंडुबाईच्या तळावर पोचते झाले.

आषाढ सरत आला तेव्हा, बरोबर सतराव्या दिवशी, तीन मेंढ्या परत हिंदकेसरीमागं लागल्या. बाळासोंनी तानाबाईला हाक मारली. आवाजात चिडवणं होतं की काळजी, कळत नव्हतं. "बघ, चुकलं तुझं पंचांग."

"चुकलं न्हाय. तिघींचं राहिलं न्हाय, म्हणून त्यांचं परत पहिलं पान आलं. किती दिवस झालं? मोजा की बोटावर."

बाळासोंनी मोजले. सतरा. तिघींचेही सतरा, एकाच दिवशी. त्या दिवसापासनं त्यांनी चेष्टा बंद केली. तानाबाईनं मात्र मनात वजाबाकी केली होती. एकवीस उरल्या. आणखी तीन गेल्या की अठरा. त्याच्या खाली उतार नव्हता.

पाच महिने कसे गेले ते तिचं तिला माहीत. गणपती आले-गेले, नवरात्राचे नऊ दिवस तिनं अनवाणी केले, दिवाळीत व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला. मार्गशीर्ष लागला. चंपाषष्ठी झाली, आणि दुसऱ्या दिवशी, पहिल्या गुरुवारी, लक्ष्मीची पूजा मांडून तानाबाई आरती घेते न घेते तोच सम्राट पळत आला, "आई, चंद्री यायला लागली!" कपाळावर चंद्र असलेल्या मेंढीच्या वंशातली ती. दोन कोकरं झाली.

मग थांबलंच नाही. शुक्रवारी तीन आल्या, शनिवारी पाच, रविवारी चार. सम्राटनं रजा काढली होती. बाळासो स्टूल टाकून तळाच्या मधोमध बसले, मांडीवर कोकरू, हातात फडकं. मॅडम दिवसातनं एकदा येऊन जायच्या, नाळेला औषध लावायच्या. सोमवारी दोन, मंगळवारी एक. सोळा. बुधवारी एकच आली. सतरा.

गुरुवार उजाडला. दुसरा गुरुवार. तळावर उरलेल्यांत दोघींची पोटं रिकामी होती, तिघींना अजून दिवस होते, आणि दोघी भरल्या पोटानं निवांत रवंथ करत होत्या. तानाबाईनं पूजा मांडली, नैवेद्य केला, उपास होता म्हणून तोंडात पाणी घेतलं नाही. दुपार झाली. बाळासो एकदा तिच्याकडं बघायचे, एकदा मेंढ्यांकडं. तीनच्या सुमारास काळीच्या वंशातली म्हातारी मेंढी कळपापासनं बाजूला गेली, पायानं जमीन उकरायला लागली. तानाबाई जवळ जाऊन मातीत बसली. तासाभरानं काळंभोर कोकरू मातीवर आलं, धडपडलं, उभं राहिलं. त्याच्या अंगावरचा ओलावा आईनं चाटून होतोय तोवर शेवटचीही आली. तिला जुळं झालं.

एकोणीस मेंढ्या, पंचवीस कोकरं, आठ दिवसांत. एकही कुत्र्याच्या तोंडी गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी व्यापारी आला. बाळासोंनी त्याला बसवलं, चहा दिला. तानाबाई चुलीपाशी होती, आणि तिचे कान बाहेर होते.

"पावणं, मेंढरं इकायची न्हाईत."

"आता कसं? शबूद दिलता तुमी."

"दिलता. पर मेंढरं माझी न्हवती, तिची हाईत. तिच्या आईनं दिल्यात. म्या तिला न इचारता शबूद दिला, चूक माझी. पाया पडतो तुमच्या." बाळासो उठले, काठी घेतली. "चला, कोकरं तरी बघून जावा. असं काय तुमी बघितलं नसंल."

व्यापारी बघायला गेला. पंचवीस कोकरं उन्हात एकदम उड्या मारत होती, सगळी एका उंचीची, एका वयाची. तो कुंपणाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आयला, हे कसं केलं?"

"तिला इचारा," बाळासो म्हणाले, आणि ते सांगताना त्यांची मान अशी ताठ होती की जणू कोकरं त्यांनीच घातली असावीत.

तानाबाई बाहेर आली नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, देवापुढं हात जोडले, आणि म्हणाली, "आई, बघितलंस न्हवं?" ती आई अंबाबाई की हातकणंगल्याची, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुपारी धोंडुबाई काठी टेकत स्वतः तळावर आली. कोकरांच्या मधे उभी राहून तिनं एकेकाला उचलून पाहिलं, पायाची हाडं दाबली, तोंडं उघडली. मग तानाबाईकडं वळून ओरडली, "नुसती बघत काय उभी ऱ्हायलीस? माझ्या चाळीस मेंढ्यांचं कवा?"

तानाबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली, धुतलेलं पातळ नेसलं, आणि धोंडुबाईच्या चाळीस मेंढ्यांसाठी तारीख घ्यायला जनावरांच्या दवाखान्याकडं निघाली.